मागचं डावं चाक आधी

प्रिय ईरा आणि मिहीर,

मागच्या रविवारी फोनवर मिहीरने सांगितलं की त्याने डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवर न्यायला एक जुनी गाडी घेतली आहे आणि तिच्या ब्रेकमध्ये काय भरायचं यावर त्याच्या मित्रांची भांडणं चालू आहेत. वर म्हणाला, "आजी, तुला यातलं काय कळणार!" मला यातलं थोडं कळतं. ज्यांच्यामुळे कळतं त्या गृहस्थांबद्दल तुम्हाला कधी सांगितलं नाही, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. म्हणून हे लिहायला बसले आहे. नोएडात सध्या सकाळी अकरापर्यंत बाल्कनीत ऊन असतं, तेवढ्या वेळात रोज थोडं लिहीन.

त्यांचं नाव स्टीफन उजागरे. आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. मूळचे नगरचे, मराठी ख्रिस्ती. एका सर्वेक्षण खात्याच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये ते फोरमन होते. त्यांच्या पत्नी सुशीलाताई नर्स होत्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. नाताळात त्यांच्याकडून आमच्याकडे करंज्या यायच्या आणि गणपतीत आमच्याकडून त्यांच्याकडे मोदक जायचे. उजागरे मोदक हातावर घेऊन आधी त्याच्या कळ्या मोजायचे आणि एखादी कमी निघाली तर म्हणायचे, "वहिनी, हा पीस रिजेक्ट. मलाच खावा लागणार."

माणूस ठेंगणा, रुंद पंजांचा. रविवारी सकाळी चर्चला जाताना टाय, कडक इस्त्रीचा शर्ट आणि चकचकीत बूट. दुपारी तोच माणूस खाकी अर्ध्या चड्डीत जीपखाली. मधल्या वेळात त्यांचं रूपांतर कसं व्हायचं ते कुणी पाहिलं नाही. बसमध्ये शेजारी बसले तर त्यांचा उजवा पाय प्रत्येक थांब्याच्या आधी जमिनीवर दाबला जायचा. ड्रायव्हरने ब्रेक लावायच्या थोडा आधीच. तुमचे आजोबा म्हणायचे, "उजागरे, दिल्लीच्या सगळ्या बसगाड्या तुमच्याच पायावर थांबतात."

"थांबतात ना? मग झालं," उजागरे म्हणायचे.

ती जीप त्यांनी सरकारी लिलावात घेतली. एका जूनमध्ये भर दुपारी ती दोरीला बांधून कॉलनीत आली. रंग हिरवा होता म्हणायचा. छपराचं कापड गेलेलं, सीटमधून काथ्या बाहेर आलेला. आमच्या ब्लॉकमध्ये बंगाली होते, तमिळ होते, समोर चोप्रा म्हणून एक पंजाबी गृहस्थ होते. सगळे गॅलरीत आले. चोप्रांनी वरूनच विचारलं, "उजागरे साहब, ये चलेगी?"

"चलना कोई बड़ी बात नहीं," उजागरे म्हणाले, "पहले रुकना सिखाऊँगा."

आणि खरंच, त्यांनी इंजिनाला आधी हातच लावला नाही. पहिले दोन महिने फक्त ब्रेक. हे ज्याला त्याला विचित्र वाटलं, पण त्याला एक कारण होतं. ते कारण मला सुशीलाताईंनी सांगितलं, उजागऱ्यांनी नव्हे.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या खात्याची एक जीप गढवालच्या डोंगरात लांबच्या उतारावर होती. उतरता उतरता ब्रेकचं पेडल ड्रायव्हरच्या पायाखाली मऊ झालं आणि मग थेट तळाला गेलं. त्याने गिअर खाली टाकून गाडी डोंगराच्या बाजूला घासली, म्हणून माणसं वाचली. गाडीतल्या साहेबांचा हात मोडला. चौकशीत ड्रायव्हरची चूक असं ठरत होतं आणि त्याला घरी बसवायची तयारी झाली होती. तेव्हा उजागरे त्या वर्कशॉपचा स्टोअर पाहत होते. त्या गाडीला ब्रेक फ्लुइड त्यांनी दिलं होतं, अर्ध्या उघड्या डब्यातलं. डबा कित्येक महिने तसाच होता. कुणाला ते ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. उजागऱ्यांनी स्वतःहून कागदावर लिहून दिलं की दोष ड्रायव्हरचा नाही, डब्याचा आहे आणि डबा माझ्या ताब्यात होता. ड्रायव्हर राहिला. उजागऱ्यांची बढती मात्र पुष्कळ वर्षं अडली.

"त्यानंतर उघडा डबा दिसला की ते ओततात," सुशीलाताई म्हणाल्या. "मागे एकदा माझं खोबरेल ओतलं होतं. म्हटलं, अहो, हे केसांचं आहे!"

आता मिहीर, तुझ्यासाठी ते काय आहे ते लिहिते. आम्ही ब्रेक ऑइल म्हणायचो तर उजागरे चिडायचे. "वहिनी, ऑइल म्हणू नका. खरं ऑइल घातलं तर आतली रबरं फुगतील आणि आपण जाऊ." म्हणून मीही फ्लुइड म्हणते. पेडल दाबलं की हा द्रव बारीक नळ्यांतून चाकांपर्यंत दाब पोचवतो. त्याची खोड एकच, तो हवेतली ओल पितो. ताजा असतो तेव्हा सौम्य चहासारखा दिसतो, जुना झाला की काढ्यासारखा. लांबच्या उतारावर ब्रेक तापतात, द्रवात शिरलेल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली तर दबते. मग पेडल नुसतं खाली जातं, गाडी थांबत नाही. सपाट दिल्लीत हे कधीच कळत नाही. उजागरे म्हणायचे, "दिल्लीत सगळ्यांचेच ब्रेक चांगले असतात."

फ्लुइड निवडायला ते कश्मीरी गेटच्या बाजारात गेले तेव्हा तुमच्या आजोबांना बरोबर घेऊन गेले. आजोबा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, त्यांना खरेदीत फार रस. तिथे दुकानदाराने आधी एक मोठा डबा पुढे केला, तोंड उघडं, वर कागद खोचलेला. "इसी में से सब ले जाते हैं, बाऊजी. आधे दाम में."

"इसमें से तो मैं अपने दुश्मन को भी न दूँ," उजागरे म्हणाले.

मग दुकानदाराने कपाटातून एक जांभळ्या रंगाची परदेशी बाटली काढली. सिलिकॉनचं फ्लुइड. "ये पानी बिल्कुल नहीं पीता. इम्पोर्टेड है." आजोबांना ते एकदम पटलं. पाणी पीत नाही तर उत्तमच की! उजागऱ्यांनी त्यांना बाजूला घेतलं आणि फुटपाथवर उभं राहून समजावलं. हे पाणी पीत नाही, म्हणजे आत शिरलेलं पाणी वेगळं राहतं. वेगळं राहिलं की सगळ्यात खाली जाऊन बसतं. सगळ्यात खाली काय आहे, साहेब? चाक. सगळ्यात गरम काय होतं? तेही चाक. शिवाय जुन्या गाडीत आधीचं दुसऱ्या जातीचं असतं, त्यात हे मिसळायचं नाही. शेवटी त्यांनी साधं, सीलबंद, डॉट फोर या दर्जाचं घेतलं. जीपच्या पुस्तकात डॉट थ्री चालेल असं होतं, फोर त्याच जातीचं पण जरा जास्त तापमान सोसणारं. लहान लहान बाटल्या घेतल्या, म्हणजे उघडलेली उरणार नाही. प्रत्येक बाटलीचं बूच त्यांनी फिरवून नाही, नुसतं बोटाने चाचपून पाहिलं. आजोबा घरी येऊन मला म्हणाले, "अगं, हिऱ्याची पारख याहून लवकर होते."

पुढे एकदा रिकामी झालेली एक बाटली उजागऱ्यांनी आमच्या स्कूटरच्या मडगार्डवर ठेवली होती. तिच्या बुडाला लागलेल्या थेंबाने रंग गोल सोलून काढला. तो गोल पाहून आजोबा पुढे वर्षभर त्यांना म्हणायचे, "आमच्या गाडीवर तुमचा शिक्का आहे."

फ्लुइड बदलायचा रविवार म्हणजे आमच्या ब्लॉकचा कार्यक्रमच. जीपचं पुस्तक इंग्रजीत होतं. उजागऱ्यांना इंग्रजी उत्तम वाचता यायचं, पण हात बरबटलेले असतात या सबबीवर वाचनाचं काम माझ्याकडे. मी पायरीवर खुर्ची टाकून चष्मा लावून वाचायची. पेडलवर सुशीलाताई. नऊवारी नव्हे, साधी पाचवारी, पदर खोचलेला, चपला काढून ठेवलेल्या. उजागरे जीपखाली, फक्त पाय बाहेर.

"आधी कुठलं चाक, वहिनी?" हे त्यांना पाठ असायचं, तरी विचारायचे.

"पेडलपासून सगळ्यात लांबचं."

"म्हणजे?"

"मागचं डावं."

चाकाच्या आतल्या बाजूला एक बारीक तोटी असते. तिला रबरी नळी लावून नळीचं दुसरं टोक काचेच्या भांड्यात थोड्या फ्लुइडमध्ये बुडवायचं. मग सुरू व्हायचं.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

खालून पाना फिरल्याचा आवाज, भांड्यात काळपट द्रव आणि दोन-तीन बुडबुडे. तोटी बंद.

"सोड."

"सोडलं."

तोटी बंद व्हायच्या आधी पाय सोडला तर हवा उलटी आत जाते, म्हणून या दोघांचं बोलणं चुकून चालत नसे. एकेका चाकाला असं पंधरा-वीस वेळा. भांड्यात ताजा चहाचा रंग येईपर्यंत. मधेमधे पायाखालच्या फळीतलं गोल झाकण काढून मुख्य भांड्यात भर घालायची, ते रिकामं पडू द्यायचं नाही. मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. समोरच्या चोप्रांच्या मिसेसना मराठी येत नव्हतं, पण "दाब-धर-सोड" त्यांना पाठ झालं होतं. एकदा त्या कणीक मळताना तालावर तेच म्हणताना मी ऐकलं.

सगळं झालं की उजागरे स्वतः सीटवर बसायचे, पेडल घट्ट दाबून डोळे मिटायचे आणि मनात एक स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायचे. तेवढ्या वेळात पेडल केसभरही खाली गेलं तर कुठेतरी गळतंय. आजोबांनी सुचवलं, "आमच्यातलं एखादं घ्या. लांब असतात. खात्री जास्त."

"साहेब, इतक्या वेळात माझा पायच गळेल," उजागरे डोळे न उघडता म्हणाले.

एवढं सगळं कशासाठी चाललं होतं ते आता सांगते. लग्नाआधी सुशीलाताई गढवालच्या डोंगरातल्या एका मिशनच्या दवाखान्यात चार वर्षं नर्स होत्या. वय बावीस, भाषा येत नाही, गावात जायचं ते पायी. तिथल्या बिशनी नावाच्या सुईणीने त्यांना सांभाळलं. भाषा शिकवली, बर्फात चालायला शिकवलं, तापात उशाशी बसली. नंतर पत्रं होती, पण भेट एकदाही झाली नाही. गावाला रस्ताच नव्हता. आता कच्चा रस्ता झाला होता, पण फक्त जीप जाईल असा. तो लिलाव पाहून उजागऱ्यांनी बायकोला शब्द दिला होता, "मी तुला नेईन. आपल्या गाडीने."

जीप आली त्याच्या दुसऱ्या वर्षी, होळीच्या सुमाराला बिशनीचं पत्र आलं. तिथल्या पोस्टमनने लिहिलेलं. सुशीलाताईंनी मला वाचून दाखवलं. "दीदी, आँखों में जाला आ गया है. जब तक दिखता है, आ जाओ."

त्या रात्रीपासून सुशीलाताईंनी उजागऱ्यांना घाई केली नाही. हेच मला फार जाणवलं. त्या फक्त रोज संध्याकाळी जीपपाशी जाऊन उभ्या राहायच्या. उजागरे मात्र घाईत आले. रबरं नवी, नळ्या नव्या. मे महिन्यात, निघायच्या आठ दिवस आधी, फ्लुइड पुन्हा पूर्ण बदललं. मागच्या वर्षीचं का चालणार नाही, असं मी विचारलं. म्हणाले, "दिल्लीला चाललं असतं." पाच दिवसांची रजा मंजूर झाली. जायला दीड दिवस, यायला दीड दिवस, तिथे दोन मुक्काम. पुढे पाऊस, रस्ता बंद आणि रजाही नाही. तोवर बिशनीचे डोळे.

आता माझी चूक. पहिल्या वर्षी फ्लुइड भरून झाल्यावर अर्धी बाटली उरली होती. उजागरे मला म्हणाले होते, "वहिनी, ही फेकून द्या." मी फेकली नाही. चांगली वस्तू फेकायला आमच्या घरात कुणाला शिकवलंच नव्हतं. मी ती मुरंब्याच्या स्वच्छ धुतलेल्या, वाळवलेल्या बरणीत ओतली, वर लेबल लावलं, तारीख घातली, किती आहे ते कळावं म्हणून पेन्सिलीने रेघ ओढली आणि मागच्या बाल्कनीत फळीवर ठेवली. पावसाळा गेला, हिवाळा गेला. मला वाटायचं, कधी अडलं तर आपल्याकडे आहे.

निघायच्या दिवशी पहाटे पाच वाजता मी दुधाचं भांडं घ्यायला मागच्या बाल्कनीचं दार उघडलं. बरणी फळीवरच होती, पण फ्लुइड रेघेच्या दोन बोटं खाली.

"अहो," मी आजोबांना विचारलं, "बरणीतलं कमी कसं झालं?"

ते दाढी करत होते. "काल घातलं ना जीपमध्ये. झाकण काढून बघितलं तर भांडं थोडं रिकामं होतं. दूरच्या प्रवासाला निघताना भांडं अपुरं कसं ठेवायचं? काठोकाठ केलं. उजागरे ऑफिसात होते, म्हटलं त्यांचं एक काम वाचेल."

"ते त्यांनी मुद्दाम रिकामं ठेवलं होतं. तापलं की जागा लागते, पुस्तकात आहे."

"अगं, चार चमचे घातले असतील!"

खालून जीप सुरू झाल्याचा आवाज आला. मी गॅलरीत गेले. सुशीलाताई बसल्या होत्या, मांडीवर कापडात बांधलेलं गाठोडं. बिशनीसाठी घेतलेली शाल, जवसाची चटणी, आणि मी केलेले बेसनाचे लाडू. आजोबा साबण लावलेल्या तोंडाने माझ्या मागे उभे राहिले. "अगं, जाऊ दे त्यांना. वर्षभर वाट बघतायत. चार चमच्यांनी काय होतं?"

मला त्या डोंगरातल्या जीपची गोष्ट माहीत होती. मी बरणी घेऊन खाली गेले. इतक्या वर्षांत मी इतकी हळू जिने उतरले नव्हते.

उजागऱ्यांनी बरणी हातात घेतली. लेबल वाचलं. तारीख वाचली. प्रकाशाकडे धरून रंग पाहिला. मला वाटलं, आता बोलतील. म्हणाले, "अक्षर सुंदर आहे, वहिनी." आणि इंजिन बंद करून खाली उतरले.

तेवढ्यात आजोबा अर्ध्या दाढीने खाली आले. "उजागरे, माझंच चुकलं. पण चार चमचेच हो."

"साहेब, चमच्यांचा प्रश्न नाही. भांड्यातून त्या बारीक नळ्यांत ते कुठवर गेलं हे मला माहीत नाही. मला माहीत नसलेली गाडी मी डोंगरात नेत नाही."

मग ते बायकोकडे वळले. "सुशीला, हे सगळं काढून परत भरायचं तर आजचा दिवस गेला. दुपारी निघून डोंगरात अंधारात चढायचं नाही. उद्या निघू. तिथे मग एकच मुक्काम मिळेल. आणि आता निघालो तर... बहुतेक काही होणार नाही. तू सांग."

सुशीलाताईंनी गाठोडं माझ्या हातात दिलं. खाली उतरल्या. मला वाटलं, घरात जातील, रडतील. त्या जीपच्या पुढून वळसा घालून उजव्या बाजूला आल्या, चपला काढल्या, पदर खोचला आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या.

"मागचं डावं आधी ना?" त्यांनी विचारलं.

उजागऱ्यांनी प्रवासासाठी घातलेला चर्चचा शर्ट काढून जिन्याच्या कठड्यावर ठेवला.

सीलबंद बाटली एकच होती, आणि ती वाटेसाठीची म्हणून ते तिला हात लावेनात. आजोबा दाढी पुरी करून स्कूटरवर कश्मीरी गेटला गेले. दुकानं उघडेपर्यंत तिथेच पायरीवर बसले. साडेअकराला चार बाटल्या घेऊन आले. दोन पुरल्या असत्या. "सगळ्यांचं सील बोटाने पाहिलंय," ते म्हणाले. "दुकानदार म्हणाला, आप भी उन्हीं के साथ वाले हैं क्या?"

"म्हणजे तुम्ही पास झालात," उजागरे जीपखालून म्हणाले. "दाब."

"दाबलं," सुशीलाताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. आजोबांनी त्यांच्या हातावर दही घातलं. बरणी मी स्वतः रिकामी करून फोडली. पुढचे चार दिवस संध्याकाळी फाटकाशी काही वाजलं की आम्ही दोघंही उठायचो आणि दुसऱ्याला दिसू नये म्हणून पाणी प्यायला जायचो.

रजेच्या पाचव्या दिवशी, ठरलेल्या संध्याकाळी, जीप आली. धुळीने तिचा रंग ओळखू येत नव्हता. पुढे उजागरे. मागच्या सीटवर सुशीलाताई, आणि त्यांना बिलगून, दोन्ही हातांनी छपराची दांडी घट्ट धरलेली, नाकात मोठी नथ घातलेली एक म्हातारी.

"ही बिशनी," सुशीलाताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उन्हाने रापला होता. "एका रात्रीत काय बोलून होणार! तिला वाटलं होतं आम्ही दोन दिवस राहू. सकाळी निघताना माझा हात सोडेना. मग मीच म्हटलं, चल. डोळे दाखवू दिल्लीला. जाळं म्हणजे मोतीबिंदूच असणार. दोन दिवस असते तर मी आपली पोटभर गप्पा मारून, रडून परत आले असते. मला हे सुचलंही नसतं."

बिशनी त्याआधी कधी कुठल्याच गाडीत बसली नव्हती. पहिल्या उतारावर तिने डोळे मिटले, दुसऱ्यावर ती देवीला हाक मारत होती, आणि तिसऱ्यावर तिने उजागऱ्यांच्या पाठीवर थाप मारून विचारलं, "जमाई, ये रुकती भी है?" उजागऱ्यांनी मधल्या उतारावर गाडी थांबवून दाखवली. सुरू केली, परत थांबवली. असं तीनदा. मग ती खुशाल झोपली. तो प्रवास सांगताना उजागऱ्यांनी आम्हाला बर्फ, देवदार, नदी, काहीही सांगितलं नाही. अठरा किलोमीटरच्या उतारावर पेडल कुठल्या वळणाला कसं होतं तेवढंच सांगितलं. "शेवटपर्यंत दगड, साहेब. दगड!" आणि आजोबांचा हात हातात घेऊन जोरात हलवला, जणू काही ते पेडल आजोबांनीच बनवलं होतं.

सुशीलाताईंच्या ओळखीने मोठ्या सरकारी रुग्णालयात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, काही आठवड्यांनी दुसऱ्याचं. मधला पावसाळा बिशनी त्यांच्याकडे राहिली. ती आणि चोप्रांच्या मिसेस दिवसभर अंगणात बसायच्या आणि एकमेकींचं अर्धंच समजून खूप हसायच्या. पट्टी निघाली, जाड भिंगांचा काळा चष्मा मिळाला. चष्मा लावून तिने सगळ्यात आधी सुशीलाताईंकडे बघितलं. खूप वेळ बघितलं आणि म्हणाली, "तू तो बूढ़ी हो गई रे!"

ऑक्टोबरात रस्ता उघडला. उजागऱ्यांनी परत रजा काढली, परत फ्लुइड तपासलं आणि तिला गावी सोडायला निघाले. त्याच आठवड्यात आजोबांच्या बदलीचा हुकूम आला होता. आमचं सामान खोक्यांत बांधलेलं होतं आणि ट्रक दोन दिवसांनी येणार होता. ते परत यायच्या आत आम्ही जाणार, हे दोन्ही घरांना माहीत होतं. पत्रं पुढे पुष्कळ वर्षं आली, पण डोळ्यांनी पाहिलेले उजागरे ते शेवटचे.

आम्ही फाटकापर्यंत गेलो. या वेळी बिशनी पुढे बसली होती, उजागऱ्यांच्या शेजारी, चष्मा दोन्ही हातांनी धरून, आणि सुशीलाताई मागे. सकाळचे सात वाजले असतील. कॉलनीच्या रस्त्यावर शाळेच्या बसपाशी निळ्या पिनाफोरमधल्या मुली उभ्या होत्या, कुणी गॅलरीत गाद्या टाकत होतं, एक भाजीवाला दुधी रचत होता. बिशनी दर थोड्या अंतरावर बोट दाखवून काहीतरी विचारत होती. उजागरे गाडी जवळजवळ चालत्या माणसाच्या वेगाने नेत होते. तिने बोट दाखवलं की थांबायचे, तिचं बघून झालं की निघायचे. मागे तीन स्कूटर आणि एक ऑफिसची गाडी अडकली, हॉर्न वाजायला लागले. उजागऱ्यांनी हात बाहेर काढून त्यांना थांबायची खूण केली आणि जीप पुन्हा थांबवली. तिला भाजीवाल्याचे दुधी बघायचे होते.

तुमची,
आजी